अर्धा वॉट

आमचा ॲम्प्लिफायर डाव्या अंगाने गेला. किशोरीताईंचा भूप लावला होता, तंबोरे दोन्ही बाजूंनी झंकारत होते, आणि एकाएकी डावीकडून ‘खर्रर्’ झालं. मागोमाग करपलेल्या शेंगदाण्यांसारखा वास आला आणि पुढचं सगळं गाणं उजव्या भिंतीतून येऊ लागलं. “उजवीकडचं येतंय ना? मग झालं तर,” असं हिचं मत पडलं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं मी नागरिकांना हेच सांगत आलो होतो. मोरीतल्या नळाला येतंय ना, मग बेसिनची तक्रार कशाला? त्यामुळे मला पुढे बोलता येईना.

हा ॲम्प्लिफायर मी १९८९ साली मुंबईला लॅमिंग्टन रोडवर घेतला होता. घेतला म्हणजे जुळवून घेतला. त्याला कंपनी नव्हती. पत्र्याच्या खोक्यावर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेला, आणि पुढे हिरव्या उजेडात नाचणारे दोन काटे. विलंबित असो की द्रुत, काटे आपले एकाच उत्साहात नाचायचे. तो बगलेत मारून मी पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलो. मेकॅनिकने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, चिमट्याने एक मेलेलं झुरळ काढून काउंटरवर ठेवलं. मला क्षणभर वाटलं, झाली दुरुस्ती. पण तो म्हणाला, “एसटीके उडालाय. ओरिजनल मिळत नाही आता. डुप्लिकेट टाकतो, पण गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.”

पायरी तीन पावलांवर होती. मी नवा घ्यायचं ठरवलं.

ही बातमी धाकट्या मेहुण्याला कळायला नको होती. त्याच्या घरी हॉलमध्ये सोफा नाही, कारण सोफा ‘बास खातो’. पाहुणे सतरंजीवर बसतात आणि खातो तो बास कुठे जातो ते बघत राहतात. फोनवर तो म्हणाला, “दाजी, घाई करू नका. इंटिग्रेटेडच घ्या. पण इंटिग्रेटेड म्हणजे काय, ते आधी समजून घ्या.” एवढं बोलून तो दीड तास समजावत राहिला. त्यातलं मला कळलं ते असं, की या धंद्यात दोन कामं असतात. एकाने कोणतं गाणं घ्यायचं आणि किती मोठ्याने, ते ठरवायचं. दुसऱ्याने स्पीकर हलवण्याची हमाली करायची. श्रीमंत लोक ही दोन माणसं दोन खोक्यांत ठेवतात, म्हणजे दोन खोकी, दोन वायरी आणि मधे आणखी एक महाग वायर. मध्यमवर्गात ती एकत्र नांदतात. त्या एकत्र कुटुंबाला इंटिग्रेटेड म्हणायचं.

बाकीचं मी आमच्या खात्याच्या भाषेत लावून घेतलं. लोकांना वाटतं, ॲम्प्लिफायर गाण्याला फुगवून मोठं करतो. तसं काही नाही. स्पीकरला जाते ती महावितरणचीच वीज. गाण्याचा सिग्नल हा फक्त आमचा वॉलमन. अंगाने काडी, पगार तुटपुंजा. पण त्याने चावी जराशी फिरवली की मागचं अख्खं धरण त्याच्या मनगटाच्या हुकमाने पाइपातून धावतं. ही उपमा मी मेहुण्याला ऐकवली, तेव्हा तो प्रथमच माझ्याकडे आदराने बघून म्हणाला, “दाजी, जुन्या काचेच्या नळ्यांना इंग्रजीत व्हॉल्व्हच म्हणतात.” १९०४ साली फ्लेमिंग नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी काचेची नळी केली, म्हणून व्हॉल्व्ह. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तिच्यात एक जाळी बसवली, आणि त्या जाळीने वॉलमनचं काम धरलं. म्हणजे जगातल्या पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये आमच्याच खात्याचा माणूस होता.

मग क्लासेस. ए, बी, एबी, डी. मला आधी वाटलं, हे दर्जे आहेत, शाळेतल्या तुकड्यांसारखे. तर ते कामाच्या पाळ्या निघाल्या. लाटेचा वरचा भाग ढकलायला एक माणूस आणि खालचा ओढायला दुसरा. क्लास बीमध्ये एक घरी गेल्यावर दुसरा येतो. पाळी बदलताना पंपावर क्षणभर कोणीच नसतं आणि नेमका तिथे आवाज फाटतो. (हा फाटलेला आवाज मी फोनवर नागरिकांच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे.) क्लास एमध्ये दोघेही चोवीस तास हजर. गाणं चालू असो की नसो, वीज जळतेच. खोकं इतकं तापतं, की वर कुरडया वाळत घालता येतील. एबी म्हणजे पहिल्याने निघण्याआधी दुसऱ्याला चार्ज द्यायचा, थोडा वेळ दोघंही हजर. बहुतेक सगळे इंटिग्रेटेड याच समजूतदारपणावर चालत आले आहेत. आणि क्लास डीचा वॉलमन नव्या पिढीचा. चावी अर्धी फिरवणं त्याला ठाऊकच नाही. पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद, तेही सेकंदाला काही लाख वेळा. म्हणून तो तापत नाही. ‘डी’ म्हणजे डिजिटल असं दुकानदार सांगतात. खरं म्हणजे ए, बी, सी झाल्यावर तेच अक्षर उरलं होतं.

एवढ्या अभ्यासानंतर मी सरळ प्रश्न विचारला, “किती वॉटचा घेऊ?”

वॉटच्या बाबतीत आमची पिढी पोळलेली आहे. १९९५च्या सुमाराला आमच्याकडे एक टू-इन-वन होता. त्याच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘१००० वॉट पीएमपीओ’ आणि पाठीवर, मुंगीच्या अक्षरात, विजेचा वापर १८ वॉट. १८ वॉट घेऊन १००० वॉट देणारा पंप आमच्या खात्याला मिळाला असता, तर उन्हाळ्यात टँकर लागले नसते. पीएमपीओ म्हणजे यंत्र मरायला टेकलं असताना एका निमिषात किती किंचाळू शकेल याचा दुकानदाराने बांधलेला अंदाज. खरा आकडा आरएमएसचा, जो यंत्र तासन् तास देऊ शकतं तो.

पण खरे वॉटसुद्धा खट्याळ असतात. ४० वॉटचा सोडून ८० वॉटचा आणला, तर वाढतात फक्त ३ डेसिबल. ‘जरा वाढवला वाटतं’ असं स्वयंपाकघरातून ऐकू येईल, इतपत. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर १० डेसिबल हवेत आणि त्यासाठी वॉट दसपट. तिथून पुन्हा दुप्पट करायचा तर पुन्हा दसपट. म्हणजे १, १०, १००. हा सावकारी हिशेब कळला आणि मी वॉटच्या शर्यतीतून मनाने बाहेर पडलो. मेहुण्यानेही माझ्या समाधानासाठी एका जुन्या संताचं चरित्र सांगितलं. एनएडी ३०२०, जन्म १९७८. ब्यॉर्न एरिक एडवर्डसेन या नॉर्वेच्या माणसाने केलेला, दिसायला सरकारी फायलीसारखा करडा, कागदावर अवघे २० वॉट. पण अडेल स्पीकर जोडला की कागदावरचे आकडे विसरून ताकद लावायचा. आमच्या खात्यातही असा एक फिटर होता. त्याचंही प्रमोशन झालं नाही.

यानंतर शोरूम. काचेचा दरवाजा, आत एसीची थंडी आणि पाणबुडीत असावी तशी शांतता. विक्रेत्याने मला एका खुर्चीत बसवलं, खुर्चीचे पाय जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर जुळवले आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावलं. ईगल्सचं १९९४चं, प्रेक्षकांसमोर वाजवलेलं. ॲम्प्लिफायर विकायला बसलेल्या माणसाला हे गाणं चुकत नाही. आधी गिटार, मग टाळ्या, मग पोटात येऊन बसणारा तो ढोलाचा ठोका. ठोका पडला की विक्रेता तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही भुवया उचलायच्या, अशी पद्धत आहे. मी चार शोरूममध्ये चारदा भुवया उचलल्या. पाचव्या ठिकाणी पिशवीतून भीमसेनजींची अभंगांची सीडी काढली, तर विक्रेत्याने ती दोन बोटांत अशी धरली, जणू मी चाचणीसाठी लघवीची बाटली दिली होती.

तो मला दोन ॲम्प्लिफायर आलटून पालटून ऐकवत होता. “हा जरा ब्राइट आहे सर. हा बघा, वॉर्म. आवाजाभोवती हवा आहे, जाणवते ना?” मला हवा एसीची जाणवत होती. पण दुसरा खरोखरच बरा वाटला. भरीव, मोकळा. किंमत अर्थातच दुप्पट. परत येताना मेहुणा म्हणाला, “दाजी, त्याने दुसऱ्या वेळी बटण केसभर पुढे ठेवलं होतं.” आवाजात अर्ध्याएक डेसिबलचा फरक पडला, तर तो मोठा झाला असं कानाला कळत नाही, चांगला झाला असं वाटतं. मंडईत तराजूच्या पारड्याला चिंच लावतात ती युक्ती मी जन्मभर ओळखत आलो आणि इथे एसीत बसून फसत होतो. शिवाय त्याने बजावलं होतं, “पहिले दोनशे तास जजमेंट करू नका. मशीन रन-इन व्हावं लागतं.” रोज एक तास ऐकणाऱ्या माणसाला दोनशे तास म्हणजे साडेसहा महिने. वस्तू परत घेण्याची मुदत सात दिवस.

वायरींचं प्रकरण मी लांबवत नाही. मेहुण्याने ॲम्प्लिफायरला भिंतीतल्या प्लगपासून तीन फूट जायला १८ हजारांची पॉवर केबल घेतली आहे. त्याआधी ती वीज पॉवर हाउसपासून त्याच्या घरापर्यंत शेकडो किलोमीटर साध्या ॲल्युमिनियमच्या तारांवरून, कावळ्यांच्या पायांखालून येते. शेवटचे तीन फूट मात्र पालखीतून. एक गोष्ट मात्र मी त्याची मानली. अर्थिंग. आमच्या जुन्या खोक्याला हात लावला की मुंग्या यायच्या आणि स्पीकरमधून सतत ‘घूं’ यायचं. हे घूं म्हणजे महावितरणचा षड्ज. आपली वीज सेकंदाला ५० वेळा झुलते, तिचा दुप्पट सूर १०० कंपनांचा, म्हणजे पेटीवर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी. कुठल्याच पट्टीत नाही. हिने पंचवीस वर्षं तो ऐकून घेतला, कारण हिचं माहेर मिरजेचं, आणि तंबोरा लागेपर्यंत वाट बघायची त्या गावाला सवय आहे.

मिरजेचा विषय निघाला आणि आमच्या निवडणुकीला वेगळंच वळण लागलं. मेहुण्याचं म्हणणं होतं, परवडत असेल तर व्हॉल्व्हचाच घ्या, त्याचा आवाज ‘जिवंत’ असतो. मी पत्रकावरचा आकडा दाखवला. ट्रान्झिस्टरवाल्याची बिघाडी, म्हणजे डिस्टॉर्शन, ०.०१ टक्का आणि या काचेच्या दिव्यांची पुरत्या जोरावर एक-दोन टक्के. हे जिवंत कसलं, हे तर गढूळ पाणी. क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांची ॲम्प्लिफायरची व्याख्या माझ्या खात्याला शोभणारी होती. आदर्श ॲम्प्लिफायर म्हणजे एक सरळ तार, तिने फक्त आवाज वाढवावा, पदरचं काही घालू नये. रंग नाही, वास नाही, चव नाही. पाण्याला चव आली की आमच्या ऑफिसवर मोर्चा यायचा, आणि इथे लोक चवीचेच पैसे मोजत होते.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग तंबोऱ्याला जवारी कशाला लावतात?”

आम्ही दोघं गप्प झालो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ती लहानपणी ते काम बघत उभी राहायची. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते तिथे तिच्याखाली सुती दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. नुसती तार ‘टण्ण’ वाजते. दोरा बरोबर जागी आला की तीच तार फुलते, झणझणते, तिच्यातून न छेडलेले सूर यायला लागतात. षड्जाच्या दुप्पट कंपनांचा तार षड्ज, तिपटीचा त्याच्यावरचा पंचम, आणि कान शांत असेल तर पाचपटीचा, आपोआप उगवणारा गंधार. मोजायला बसलं तर ही सगळी भेसळच. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरही मुख्यतः दुपटीचा सूर मिसळतो, म्हणजे सा ऐकवताना पदरचा थोडा सा घालतो. पाण्यात पाणीच. “म्हणजे तूसुद्धा व्हॉल्व्हच्या बाजूने?” मेहुणा हरखला. “छे! जवारी तंबोऱ्यात आहे ना? पेटाऱ्यात आणखी कशाला? दोनदा फोडणी घालत नाहीत.” हा मुद्दा मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही.

आता उरले दोन ट्रान्झिस्टरवाले. एक माझ्या ऐपतीचा ४० वॉटचा, आणि एक मेहुण्याच्या घरचा, त्याच्या चौपट किमतीचा, जो त्याने लग्नातल्या शालूसारखा दोन चादरींत गुंडाळून आणला. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मामा, डोळे झाकून टेस्ट घेऊ. पण आवाज मीटरने सारखा करून.” अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या माणसाने याहून मोठी गंमत केली होती. १९८५ साली त्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं, की तुम्ही कितीही भारी ॲम्प्लिफायर द्या, मी माझ्या स्वस्तातल्या यंत्राला त्याच्यासारखं बोलायला शिकवतो. हॉटेलच्या खोलीत बसून दोनेक दिवस तो दोन्ही यंत्रांच्या आवाजातला फरक मोजत आपल्या यंत्राचे सुटे भाग बदलत राहिला, आणि शेवटी जन्मभर कान तयार केलेल्या संपादकांना यातला कोणता कोणाचा ते सांगता येईना.

आमच्याकडे हॉटेल नव्हतं, दिवाणावरची चादर होती. ती पडद्यासारखी बांधून भाचा मागे बसला. तेच अभंग, सोळा फेऱ्या. मेहुण्याने डोळे मिटले, मान किंचित कलती केली. “हा माझा. पडदा उघडल्यासारखं वाटलं.” “हा दाजींचा. टाळांना धार नाही.” सोळांपैकी आठ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते, आणि नाण्याला चहा द्यावा लागला नसता. भाच्याने नंतर सांगितलं, की पाचव्या ते आठव्या फेरीत त्याने वायरींना हातच लावला नव्हता, तो मोबाइल बघत होता. पडदा उघडला होता तो सातवीत. मेहुणा बराच वेळ चादरीच्या घड्या घालत राहिला. मला त्याची दया आली, कारण माझेही नऊच बरोबर होते. हिला विचारलं तर म्हणाली, “मला काही कळलं नाही बाई. फक्त दुसऱ्या अंतऱ्याला तबला किती सुंदर थांबतो, ते दर वेळी कळलं.”

मी ४० वॉटचा घेतला. एकच अट घातली, त्याला लाउडनेसचं बटण पाहिजे. मेहुण्याच्या जमातीत हे बटण म्हणजे जेवणाच्या ताटात सॉस. त्यांच्या यंत्रांवर तर ‘डायरेक्ट’ म्हणून एक बटण असतं, ते दाबलं की बास-ट्रेबलसारखी बटणं निकामी होतात. त्या बटणांचे पैसे आधी दिलेले असतात. पण आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. आणि आमच्याकडे आवाज कमीच असतो. तीन बाजूंना शेजार, आणि वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक. गाणं जरा रंगात आलं की ते वरून काठीने फरशी ठोकतात. एकदा, ठाम. आम्ही लगेच आवाज कमी करतो. गेली बारा वर्षं असंच चाललंय. लाउडनेसचं बटण दाबलं की कमी आवाजातही डग्गा डग्ग्यासारखा वाजतो. घरी आणल्यावर हिने पहिला प्रश्न विचारला, “यात आकाशवाणी लागते ना?” तीन महिन्यांच्या अभ्यासात ही गोष्ट सुटली होती. इंटिग्रेटेडला रेडिओ नसतो. तेव्हापासून ही सकाळची नाट्यगीतं मोबाइलवर लावते आणि मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा करते. आवाज भरतो, वीज लागत नाही आणि क्लास कुठला ते विचारायला मेहुणा येत नाही.

परवा रात्री मी भूप लावला. दोन्ही बाजूंनी तंबोरे आले, डावीकडूनही. भाचा जेवायला आला होता. त्याने स्पीकरच्या टोकांना मीटर लावला, कागदावर भागाकार केला आणि हसायला लागला. “मामा, दोन व्होल्ट. आठ ओमचा स्पीकर. म्हणजे अर्धा वॉट.”

“अर्धाच?”

“तोही चढ आला की. आलापीत तर पाव.”

साडेएकोणचाळीस वॉट स्टँडवर नुसते बसून होते. मी त्यांच्याकडे पाहत असतानाच वरून काठी आपटली. मी सवयीने बटण खाली घेतलं. दोन मिनिटांनी दाराची बेल वाजली. मुख्याध्यापक, अंगात बंडी, हातात तीच काठी. मी म्हणालो, “सर, माफ करा, कमी केलाय आवाज.”

“तेच विचारायला आलोय,” ते म्हणाले. “बारा वर्षं खिडकीत खुर्ची टाकून बसतोय. चांगली सम येते, मी काठी टेकवतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही गाणं मारता. तुमचं वैर आहे का समेशी?”

हिने त्यांना खुर्ची दिली. ते नको म्हणाले, खिडकीतच बरं वाटतं म्हणाले, आणि काठी टेकत वर गेले. मी बटण साडेआठवरून नऊवर नेलं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाचा मीटरवर वाकला होता.

“मामा,” तो म्हणाला, “एक वॉट.”